रुसलेले श्रोते आणि ‘सेव्हन साम्स’

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनचा ‘सेव्हन साम्स’ हा अल्बम मे २०२३ मध्ये आला, तेव्हापासून एकच तक्रार मी निरनिराळ्या तोंडून ऐकतो आहे. तक्रार करणारी माणसं ऐकण्याच्या बाबतीत अडाणी नाहीत. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ची कॅसेट ज्यांनी घासून घासून संपवली, ‘ग्रेसलँड’मुळे ज्यांच्या कानावर पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेतलं समूहगान पडलं, अशी ही मंडळी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाण्यांना ठेका नाही, ओठांवर राहील असं ध्रुवपद नाही, आवाज बसलाय, विषय देवाधर्माचा, आणि वर सगळं ३३ मिनिटांच्या एकाच ट्रॅकमध्ये बांधून ठेवलेलं. एखादं आवडलेलं गाणं काढून ऐकावं म्हटलं, तर तीही सोय नाही. आणि शेवटी निकाल : हा आमचा सायमन नव्हे.

हा निकाल मला मान्य नाही. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून मी तो सोडूनही देणार नाही. यातल्या बऱ्याच तक्रारी आवडीच्या नाहीतच. त्या सायमनच्या साठ वर्षांच्या कामाबद्दल काही गृहीत धरून केलेल्या आहेत, आणि ते गृहीतच चुकलेलं आहे.

‘आमचा सायमन’ म्हणजे नेमका कुठला? १९६४ साली आर्ट गार्फंकलबरोबरचा त्याचा पहिला अल्बम बाजारात पडला आणि सायमन इंग्लंडला निघून गेला. तिथल्या फोक क्लबांतून तो एकटा गिटार घेऊन गायचा. १९६५ मध्ये लंडनला त्याने ‘द पॉल सायमन साँगबुक’ नावाचा अल्बम केला. त्यात वाद्यवृंद नाही, ड्रम नाहीत, गार्फंकलही नाही. आवाज आणि गिटार, संपलं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत निर्माता टॉम विल्सनने त्या पडलेल्या अल्बममधल्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. दोघांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. जानेवारी १९६६ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि जग ज्याला सायमन म्हणून ओळखू लागलं तो तिथे जन्मला. तेव्हा एक आवाज आणि एक गिटार हे काही म्हातारपणी हात आखडल्यावर सुचलेलं नाही. त्याच्या घराचं ते सगळ्यात जुनं दालन आहे, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकजण तिथे कधी गेलेलेच नाहीत.

ठेक्याचं बघू. इंग्लंडमध्ये सायमन हा डेव्ही ग्रॅहमसारख्या गिटारवादकांचं वाजवणं ऐकून शिकला. अंगठ्याने खालच्या तारांवर बास चालता ठेवायचा आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर सूर गुंफायचे, अशी ती पद्धत. ग्रॅहमची ‘अँजी’ ही रचना त्याने १९६६ च्या ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’ अल्बमवर वाजवलीही आहे. आता ‘सेव्हन साम्स’ लावा आणि पहिली पाच मिनिटं शब्दांकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. फक्त अंगठा ऐका. सुरुवातीला घंटांसारखे काही नाद उमटतात, मग गिटार येते, आणि तो अंगठा आपलं काम सुरू करतो. तो सारख्या अंतराने पडत नाही. ओळ संपत आली की तो किंचित रेंगाळतो, पुढचा विचार सुचेपर्यंत जागा देतो आणि मग पुन्हा चालू लागतो. गाणाऱ्याचा श्वास आणि अंगठ्याचा बास यांचं असं संगनमत ड्रमच्या साथीत होऊच शकत नाही, कारण ड्रम लागले की दोघांनाही त्यांच्या मागून जावं लागतं. ठेका नाही म्हणणाऱ्यांना इथे ठेका सापडला नाही, याचं कारण तो गिटारच्या आत आहे आणि ते बाहेर शोधत राहिले.

आणि हे म्हणायचं कुणाला? स्टीव्ह गॅडचं ते सरावलेल्या पलटणीसारखं ड्रमवादन १९७५ च्या ‘फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर’च्या तोंडाशी ठेवणाऱ्याला. ‘ग्रेसलँड’साठी १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या वादकांबरोबर आधी ताल ध्वनिमुद्रित करणाऱ्याला आणि त्यावर नंतर, घरी येऊन, शब्द लिहिणाऱ्याला. १९९० च्या ‘द रिदम ऑफ द सेंट्स’साठी ब्राझीलमधल्या साल्वादोरच्या ‘ओलोडम’ या ढोलपथकाचं वादन मुद्रित करणाऱ्याला. लोकप्रिय संगीतात तालाचा इतका बारकाईने विचार केलेले गीतकार हाताच्या बोटांवर मोजता येतील. अशा माणसाने ड्रम काढून ठेवले, तर ते त्याला जमेनासे झाले म्हणून ठेवले असं समजण्याआधी जरा थांबायला हवं.

एकसंध ट्रॅकबद्दलही हेच. १९६८ च्या ‘बुकएंड्स’ची पहिली बाजू लहानपणापासून म्हातारपणापर्यंत एका सूत्रात ओवलेली आहे. त्यात वृद्धाश्रमांतून मुद्रित केलेले खऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत, आणि त्यांना जोडूनच बाकावर बसलेल्या दोन वृद्ध मित्रांचं गाणं आहे. त्या गाण्यात तो सत्तरीचं वय कल्पनेने बघतो. सायमन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या त्या कल्पनेवर आपण खूश होतो. अजूनही ते गाणं लागलं की गहिवरतो. मग तोच माणूस एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या वयातून, आतून बोलतो, आणि तेही एका सूत्रात ओवून, तेव्हा आपण म्हणतो की हे जरा लांबलं. सव्विसाव्या वर्षीची कल्पना चालते आणि एक्क्याऐंशीव्या वर्षीचा अनुभव चालत नाही, याचं काय करायचं?

शिवाय ही तक्रार मराठी श्रोत्याच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. एका रागाचा विलंबित ख्याल पाऊण तास मांडी घालून ऐकणारे आपण. त्यातली आवडलेली तान तेवढी काढून ऐकायची सोय नाही, अशी कुरकुर सवाई गंधर्व महोत्सवात कुणी केलेली मला आठवत नाही. ‘सेव्हन साम्स’ची रचनाही तशीच ऐकावी लागते. पहिल्या भागात ‘द लॉर्ड’ची जी धून आहे ती पुढे पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी आधी काय ऐकलं त्यानुसार तिचा अर्थ पालटतो. मधले भाग वगळून त्या धुनेकडे थेट गेलात तर ती पहिल्यासारखीच ऐकू येईल. तीन-तीन मिनिटांचे तुकडे न पाडण्यामागे हे कारण आहे. सायमनला ते तुकडे पाडता येत नाहीत असं नाही. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं?

देवाधर्माच्या आक्षेपाने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्यात सायमनची ओळखच नाकारलेली आहे. तो न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेला ज्यू मुलगा. पण त्याच्या गाण्यांत चर्च पहिल्यापासून आहे. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ला स्वान सिल्व्हरटोन्स या कृष्णवर्णीय गॉस्पेल चमूतल्या क्लॉड जीटरने गायलेल्या एका ओळीने जन्म दिला, आणि सायमनने ते कधी लपवलं नाही. १९७३ च्या ‘लव्हज मी लाइक अ रॉक’मध्ये डिक्सी हमिंगबर्ड्स त्याच्याबरोबर गातात. त्याच वर्षीच्या ‘अमेरिकन ट्यून’ची चाल बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये येणाऱ्या स्तोत्राची आहे. २०११ च्या ‘सो ब्यूटिफुल ऑर सो व्हॉट’वर तर एका जुन्या धर्मोपदेशकाच्या प्रवचनाचं ध्वनिमुद्रणच वापरलंय, मेल्यानंतर रांगेत उभं राहावं लागण्याचं गाणं आहे आणि देव आपल्या मुलाला घेऊन पृथ्वीवर फेरफटका मारतो असंही एक गाणं आहे. तेव्हा आयुष्यभर नास्तिक राहून सायमन म्हातारपणी देवळात जाऊन बसला, ही गोष्टच खोटी आहे.

आणि तो बसलाय तरी कुठे? नावातले ‘साम्स’ म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, आणि त्या १५० स्तोत्रांपैकी बरीचशी गाऱ्हाणी आहेत. का सोडलंस, किती दिवस वाट बघू, शत्रू माजलेत तुला दिसत नाही का, असं देवाला विचारणारी. विठोबाशी कडाक्याचं भांडण करणारा तुकाराम ज्यांच्या घरात आहे त्यांना या प्रकारच्या भक्तीची ओळख करून द्यायची गरज नसावी. सायमनचा देवही कृपाळूच असतो असं नाही. उपाशी माणसाचं अन्न असलेला हा देव कोविडची साथही आहे आणि चढत जाणारा समुद्रही. गायक त्याच्याकडे विश्वास घेऊन येत नाही, शंका घेऊन येतो, आणि क्षमा मागताना ती कुणाकडे मागतोय हेही त्याला धड ठाऊक नाही. ‘युअर फरगिव्हनेस’ या भागात तंतुवाद्यं हलकेच आत येतात. तिथे तो जे मागतो ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा संशय आवाजात स्पष्ट ऐकू येतो. याला ‘भजनी वळण’ म्हणून बाजूला सारणाऱ्याने शब्द ऐकलेले नाहीत.

आता आवाज. तो खाली उतरलाय, हे खरं. पूर्वीची ती पातळ, उंचावर सहज तरंगणारी पट्टी आता नाही. कित्येक ओळी तो जवळजवळ बोलतो. शिवाय या अल्बमचं काम चालू असताना त्याच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती अचानक, जवळजवळ पूर्ण गेली. ॲलेक्स गिब्नीच्या ‘इन रेस्टलेस ड्रीम्स’ या माहितीपटात त्या दिवसांतला सायमन दिसतो. आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून वैतागलेला, एकच जागा पुन्हा पुन्हा तपासणारा. ज्याने आयुष्यभर एका स्वराच्या रंगासाठी स्टुडिओत आठवडे घालवले त्याच्यावर ही वेळ आली.

पण आवाज उतरणं आणि गाणं उतरणं या एकाच गोष्टी आहेत का? क्षयातून उठल्यावर देवासला कुमार गंधर्वांनी जे गाणं घडवलं त्यात लांब दमसास नव्हता. छोट्या, अचानक उसळणाऱ्या स्वरसमूहांना आणि मधल्या शांततेला त्यांनी असं वजन दिलं की ऐकणाऱ्यांना गाण्याबद्दलच नव्याने विचार करावा लागला. कुरकुरणारे तेव्हाही होते. सायमनचं काम कुमारांच्या तोलाचं आहे असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की शरीराने घातलेली मर्यादा पाहून जो त्याच मर्यादेत रचना करतो, त्याच्या गाण्याला जुन्या पल्ल्याची मोजपट्टी लावणं चूक आहे. ‘सेव्हन साम्स’मधल्या सगळ्या चाली या उतरलेल्या आवाजासाठीच बांधलेल्या आहेत. कुठेही तो न पोचणाऱ्या स्वराकडे हात ताणत नाही. त्याला उंची हवी असते तेव्हा ‘व्होसेस ८’ हा इंग्लंडमधला गायकवृंद ती देतो, आणि शेवटाकडे त्याची पत्नी इडी ब्रिकेलचा आवाज येऊन मिळतो. हॅरी पार्चने काचेच्या मोठाल्या बरण्या कापून बनवलेलं विचित्र वाद्य मागे मंद घुमत राहतं. आवाज बसलाय म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की या चाली १९७० च्या आवाजात गायल्या असत्या तर त्या खऱ्या वाटल्या असत्या का. मला वाटतं, सुंदर वाटल्या असत्या आणि खोट्या वाटल्या असत्या.

मात्र एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, नाहीतर माझी गणना भलत्या बाजूला होईल. या अल्बमची जी स्तुती झाली तीतली निम्मी मला तक्रारीइतकीच नकोशी वाटते. ‘या वयातही!’ हा आपला ठरलेला उद्गार. या वयातही लिहितात, या वयातही गातात, या वयातही उभे राहतात. मग शाल, श्रीफळ आणि टाळ्या. यात कामाकडे बघायचं टाळण्याची सोय असते. वयाचं कौतुक करणारा आणि वयावर बोट ठेवणारा, दोघेही अल्बम बाजूला ठेवून गायकाचा जन्मदाखला वाचत बसलेले असतात. सायमनला सवलत नको आहे. १५ जानेवारी २०१९ च्या रात्री त्याला स्वप्न पडलं की तू ‘सेव्हन साम्स’ नावाचं काहीतरी लिहितो आहेस. उठून त्याने ते लिहून ठेवलं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, क्वीन्समधल्याच फ्लशिंग मेडोज कोरोना पार्कमध्ये निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम करून तो मोकळा झाला होता. स्वप्नानंतर पुढचे कित्येक महिने तो आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान उठायचा आणि सुचलेले शब्द टिपून ठेवायचा. एका अल्बमवर चार वर्षं गेली. पैशांची निकड नव्हती. आपल्या गाण्यांचे हक्क त्याने २०२१ मध्ये सोनीला विकले होते. ज्याला थांबायची सगळी मुभा होती तो थांबला नाही, एवढ्यावरून अल्बम चांगला ठरत नाही. पण तो घाईत किंवा सवयीने केलेला आहे, हा आरोप तरी त्यावर टिकत नाही.

सायमनच्या बाजूने बोलणारे आणखी एक युक्तिवाद करतात, तोही मी वापरणार नाही. ते म्हणतात, १९८३ चा ‘हार्ट्स अँड बोन्स’ तेव्हा लोकांनी नाकारला आणि आज तो त्याच्या उत्तम कामांत मोजला जातो. याचंही तसंच होईल. ‘हार्ट्स अँड बोन्स’बद्दल ते बरोबर आहेत. पण १९९८ ची ‘द केपमन’ ही संगीतिकाही लोकांनी नाकारली होती. डेरेक वॉलकॉटसारखा नोबेलविजेता कवी सोबत असूनही ती ब्रॉडवेवर ६८ प्रयोगांत बंद पडली. तिच्यातली काही गाणी अप्रतिम आहेत, तरी नाटक म्हणून ती उभी राहिली नाही आणि काळाने तिला उभं केलेलं नाही. श्रोते कधी चुकतात, कधी बरोबर असतात. ‘सेव्हन साम्स’चा कैवार घ्यायला भविष्याची साक्ष काढायची गरज नाही. आज, आत्ता ऐकून जे कळतं तेवढं पुरेसं आहे.

आणि ऐकून कळतं त्यात एक उणीवही आहे, जिच्याबद्दल रुसलेली मंडळी काहीच बोलत नाहीत, कारण तिथपर्यंत ती पोचलेलीच नसतात. तिसरा भाग, ‘माय प्रोफेशनल ओपिनियन’, ब्लूजच्या चालीचा आहे. आधीच्या दोन भागांनी जे गांभीर्य जमवलेलं असतं त्यात तो थोडा मोकळा, मिश्कील सूर आणतो. तशी हलकी जागा तिथे हवी, हे मला पटतं. पण ब्लूजचा तो साचा फार ओळखीचा आहे. त्याचे सांधे ऐकू येतात, आणि बाकी सगळीकडे पुढे काय येईल हे न सांगणारी रचना इथे एकदम सांगून मोकळी होते. पुढे ‘द सेक्रेड हार्प’ या भागात सायमन वाटेत गाडीत घेतलेल्या एका आई-मुलाची गोष्ट सांगतो. गांभीर्य न सोडता हलकं कसं व्हायचं याचं ते उत्तर आहे. रस्ता, गाडी, अनोळखी माणसं, आणि एकाएकी संगीताबद्दलचा असा एक विचार की आधीचे पाच भाग कशासाठी होते ते लक्षात येतं. मला तिसरा भागही याच रीतीने हवा होता. अशा ठिकाणी वाद घालायला मी कधीही बसेन.

पण वाद तिथे होतच नाही. तो गाडी बाहेर काढण्याआधीच, दारातच अडतो. जुनी गाणी का नाहीत? याचं उत्तरही सायमनने देऊन टाकलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो ‘अ क्वाएट सेलिब्रेशन’ या दौऱ्यावर पुन्हा मंचावर आला. कानाच्या त्रासामुळे मोठी मैदानं टाळून त्याने लहान, चांगल्या ध्वनीची नाट्यगृहं निवडली. कार्यक्रमाचा पहिला भाग म्हणजे सलग, एकही तुकडा न पाडता ‘सेव्हन साम्स’. मध्यंतर. आणि दुसऱ्या भागात लोकांना हवी असलेली जुनी गाणी. म्हणजे ज्यांना ‘आमचा सायमन’ हवा होता त्यांना तोही मिळाला, त्याच तिकिटात. त्यांच्याकडून त्याने मागितला तो फक्त आधीचा अर्धा तास. साठ वर्षं गाणी दिलेल्या माणसाला हा अर्धा तास द्यायला जे नाखूश आहेत, माझं भांडण त्यांच्याशी आहे. आणि त्यांनी तो एकदा, मधे न उठता, पूर्ण दिला तर मग तिसऱ्या भागावरून ते माझ्याशी खुशाल भांडोत.